पत्नी हयात

जयवंतीबाईंच्या पत्राला भगवंतरावांनी उत्तर दिले नव्हते. द्यायचे नव्हते असे नाही. पत्र आले त्याच दिवशी त्यांनी कोरा कागद काढला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, 'सप्रेम नमस्कार' लिहिले, आणि मग नुसता नमस्कार पुरला असता, 'सप्रेम' जरा जास्त झाले की काय, या शंकेत संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'सप्रेम' खोडले. खोडलेले 'सप्रेम' न खोडलेल्यापेक्षा वाईट दिसू लागले, तेव्हा कागद फाडला. त्यानंतर थंडी सरली, ऊन चढले, आणि पत्र शब्दकोशाच्या पानांत पडून राहिले.

पत्र मॉरिशसचे होते. जयवंतीबाई तिथे वाक्वा नावाच्या गावात मुलांना मराठी शिकवत; आता निवृत्त. भगवंतराव पालघरच्या एका वाचनालयात आयुष्यभर पुस्तकांना नंबर घालत. आता तेही निवृत्त. तिथल्या मराठी शाळेला जुनी क्रमिक पुस्तके हवी होती. भगवंतरावांनी पार्सल पाठवले, पोच आली, पोचेबद्दल आभार गेले, आभारांना उत्तर आले, आणि असे होता होता दोघांचे केस पांढरे झाले. मधे एकदा बाई तिकडच्या लोकांबरोबर महाराष्ट्र बघायला आल्या, तेव्हा वाट वाकडी करून वाचनालयात येऊन गेल्या. भगवंतरावांनी त्यांना कपाटे दाखवली. कपाटे संपली तेव्हा काय बोलावे ते न सुचून पुन्हा पहिल्या कपाटापासून दाखवली.

तेवढ्यावरून बाईंनी काय ओळखले देव जाणे, पण त्यांनी लिहिले होते: "यजमानांना जाऊन बरीच वर्षे झाली. मुले फ्रान्सला असतात. तुम्हीही एकटेच. इकडे या, नोंदणीने लग्न करू आणि उरलेले दिवस एका घरात वाचत बसू. नोंदणीसाठी तुम्ही अविवाहित असल्याचा तुमच्या सरकारचा दाखला लागतो. उत्तर 'नाही' असले तरी पाठवा, पण गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसता, हे मी कपाटांच्या वेळी पाहिले आहे."

'नाही' म्हणायचे भगवंतरावांच्या मनात नव्हते. 'हो' म्हणायची छाती नव्हती. या वयात आपण कुणाच्या घरात जाऊन बसावे, तिथे आपला खोकला कुणी ऐकावा, हे त्यांना पटत नव्हते, आणि ते रोज त्याचाच विचार करत होते. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. आधी दाखला, मग उत्तर. 'हो' कळवून बसलो आणि दाखला मिळाला नाही तर? दाखला हाती आला की तो पाकिटात घालायचा. 'हो' वेगळे लिहायलाच नको. आणि दाखल्याची काळजी नव्हती. आपल्या आयुष्यातली कुठलीही गोष्ट त्यांना खात्रीने सांगता आली नसती, पण आपण अविवाहित आहोत ही एक नक्की होती.

घर समुद्राकडच्या वाडीत, बोईसरहून टमटमने जावे लागे तिथे. घरात माणसे दोन. भगवंतराव, आणि धाकट्या भावाची, रामाची, बायको मंजुळा. रामा वारला होता. त्याचा मुलगा दर्पण तारापूरच्या एका कारखान्यात होता आणि बायकोसह सरावलीला राहत होता. मंजुळा सुकी मासळी विकायची. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचे नाही, ही तिला माहेरची शिकवण होती आणि लग्न होऊन आल्यापासून तिने ती मोडली नव्हती. रामा होता तोवर 'मोठ्यांना सांगा' म्हटले की रामा सांगे. नंतर दर्पण सांगे. दर्पण सरावलीला गेल्यावर मधे कुणीच उरले नाही, तेव्हा ती भिंतीवरच्या रामाच्या फोटोला सांगू लागली.

"ऐकलं का, च्या थंड होते म्हनावं."

भगवंतरावही फोटोकडे बघूनच बोलत. "रामा, साखर कमी आहे."

"डॉक्टरनं सांगितलंय म्हनावं."

जिवंतपणी रामा अबोल होता. आता घरातले सगळे बोलणे त्याच्यामार्फत चाले, आणि तेही एवढेच. बाकी वेळ लाटांचा आवाज, आणि वारा फिरला की कारखान्यांकडून येणारा आंबूस वास.

दर्पणला सांगणे भाग होते, कारण अर्ज मोबाइलवर भरायचा होता. तो रविवारी आला तेव्हा भगवंतरावांनी खिडकीबाहेर बघत विषय काढला.

"कोनाचं लगीन?" दर्पणने मोबाइलवरून मान न उचलता विचारले.

"माझं."

दर्पणने मान उचलली. स्वयंपाकघरात झाकण पडले आणि बराच वेळ गरगरत राहिले. ते थांबल्यावर मंजुळा दारापर्यंत आली आणि फोटोकडे बघून म्हणाली, "ऐकलं का? बाई मासे खाते का, विचारा."

"खाते," भगवंतरावांनी फोटोला सांगितले. एका पत्रात तसा उल्लेख होता.

"मंग ठीक हाय," मंजुळा म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. भगवंतरावांना तो निरोप वाटला.

पालघरला कचेरीबाहेर प्रतिज्ञापत्रे करून देणारे टेबले मांडून बसतात. त्यातल्या धीरज नावाच्या माणसाने कीबोर्डवर बोटे ठेवून विचारले, "मुलाचं नाव?"

"भगवंत दवणे."

"तुमचं नाही, आजोबा. मुलाचं."

"मीच मुलगा," भगवंतराव शक्य तितक्या हळू म्हणाले, तरी शेजारच्या दोन टेबलांवरचे टायपिंग थांबले.

धीरजने नमुना पाहिला. "मुलगा अविवाहित असल्याचं आईवडिलांचं पण प्रतिज्ञापत्र लागतं. त्यांना घेऊन या."

"ते वारले."

"दोघंही?" धीरज हळहळला.

"मी अडुसष्ट वर्षांचा आहे."

"हां. मग तलाठ्यांचा पंचनामा लावा. लहानपणापासून ओळखणारे दोन पंच बघा. तेवढे हयात आहेत ना?"

पंच होते. एक हरेश्वर, भगवंतरावांच्या बरोबरीचा, जुना खलाशी. आता गुडघे गेल्यामुळे ओट्यावर बसून जाळी विणायचा. दुसरा मंगळ्या. मंगळ्या मूळचा मनोरकडच्या डोंगरातला. पोरवयात पाऊस संपल्यावर बोटींवर कामाला म्हणून यायचा आणि पेरणीला परत जायचा. मग एका वर्षी परत गेलाच नाही. तो काही भगवंतरावांना लहानपणापासून ओळखत नव्हता, पण तरुणपणापासून ओळखणारा दुसरा कुणी उरला नव्हता.

तलाठीण नवीनच आली होती. समिधा तिचे नाव. सरकारने तलाठ्यांचे नाव बदलून मोठे केले होते, पण वाडी तिला तलाठीणबाईच म्हणे. भगवंतरावांच्या ओट्यावर बसून तिने कागद काढला.

"नमुना ठरलेला असतो, काका. वाचते. 'आम्ही पंच अर्जदारास ओळखतो. अर्जदाराचा आजपर्यंत एकही विवाह झालेला नाही.' बाबा, इथे सही करा."

हरेश्वरने चष्मा लावला, कागद स्वतः वाचला आणि परत दिला. "ह्यात चूक हाय."

"कसली चूक?"

"लगीन झालंय त्याचं."

समिधाने भगवंतरावांकडे पाहिले. भगवंतरावांनी आपल्या चपलांकडे पाहिले. ते काही लपवत नव्हते. त्याला लग्न म्हणतात, हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

"कोणाशी झालंय?"

"रुईशी. झाडाशी, झाडाशी," हरेश्वर म्हणाला. "मी सोता होतो तिथं."

आणि त्याने ती जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी भगवंताला मुली दाखवायचे. हा मान वर करायचा नाही, तोंड उघडायचा नाही. मुलीकडचे बाहेर पडताना हळूच विचारायचे, मुलगा मुका आहे का. इकडे रामाचे मंजुळेशी जमले. पण मंजुळेचा बाप अडून बसला: थोरला तसाच असताना धाकटा बोहल्यावर चढला तर पाप लागते, माझी मुलगी असल्या घरात देणार नाही. मग आईने तोड काढली. थोरल्याचे रुईशी लग्न लावायचे, म्हणजे तो मोकळा आणि धाकटाही मोकळा. रुईला बाप हवा, म्हणून ज्याच्या मुळाशी आपल्या बांधावरची माती होती, असे रोप मंगळ्याने गावाकडून आणले आणि किनाऱ्यावर लावले. हळद लागली, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. चार दिवसांनी त्याच मांडवात रामाचे लग्न झाले.

समिधाने हसू आवरले. "बाबा, झाडाशी लागलेलं लग्न कायद्यानं लग्न नसतं हो."

"असं?" हरेश्वरने चष्मा काढला. "मंग रामाचं बी नव्हतं म्हना. मोठ्याचं झालं म्हनून धाकट्याचं झालं. पैलं खोटं तर दुसरं खरं कसं? मंग मंजुळा कोन? दर्पण कोनाचा?"

आत बोंबील निवडण्याचा आवाज थांबला.

"आनि मी जेवलोय त्या लग्नात," हरेश्वर म्हणाला. "दोनदा मागून घेतलं. जेवून वर लगीन झालंच नाय म्हनून सही करू? ह्या वयात? वर जायचंय मला."

समिधा मंगळ्याकडे वळली. "तुम्ही तरी?"

"मी कशी करनार?" मंगळ्या म्हणाला. "मी तर मुलीचा बाप हाय."

भगवंतरावांनी मान वर केली. मंगळ्या त्यांच्यापेक्षा चांगला पाच-सात वर्षांनी लहान होता. आपल्याला सासरा आहे आणि तो रोज सकाळी समोरून 'काय मास्तर' म्हणून जातो, हे त्यांच्या कधी डोक्यात आले नव्हते.

समिधा सरळ मुलगी होती. पंच जे सांगतील ते लिहायचे, असे तिला प्रशिक्षणात शिकवले होते. तिने लिहिले: 'अर्जदाराचा एक विवाह रुईच्या झाडाशी झाला असून सदर झाड हयात नाही.' कारण मागे रस्ता रुंद केला तेव्हा तिकडची सगळी झुडपे साफ केली होती, हे हरेश्वरनेच सांगितले. "वर शिकलेली माणसं असतात, काका," ती उठताना म्हणाली. "वाचून समजून घेतील."

वर, पालघरच्या कचेरीत, अर्चना मॅडम होत्या. त्यांनी पंचनामा नीट वाचला, पुन्हा वाचला, चष्म्यावरून भगवंतरावांकडे पाहिले आणि त्या खरोखरच समजुतीने बोलल्या.

"मला समजलं, काका. पण कॉम्प्युटरला समजत नाही. यात चार खाने आहेत. अविवाहित, विवाहित, विधुर, घटस्फोटित. झाडाचा खाना नाही. पंचांनी विवाह झाला म्हणून सही केलीय, मग अविवाहित मी कसं दाबू? उद्या तपासणी लागली तर माझ्यावर येईल."

"मग?"

"विधुर दाबते. तिकडे विधुरही चालतो. फक्त पत्नीच्या मृत्यूचा दाखला जोडा."

परतीच्या एसटीत भगवंतरावांना खिडकीची जागा मिळाली. उमरोळी मागे पडली तरी ते त्याच एका शब्दावर अडकले होते. विधुर. माणसाने आधी नवरा व्हावे, काही वर्षे भांडावे, आजारपणे काढावीत, आणि मग हा शब्द त्याला मिळावा. आपल्याला तो मधले काहीच न होता मिळाला. रस्ता रुंद करायला यंत्र आले तेव्हा आपण घरातच होतो, बहुतेक वाचत. खडखड ऐकू आली होती. आपण खिडकी लावून घेतली होती. एवढे आठवले आणि त्यांना, आपण त्या वेळी बाहेर जाऊन उभे तरी राहायला हवे होते, असे वाटून फार वाईट वाटले. शेजारच्या माणसाने विचारले, "तब्येत बरी आहे ना?" भगवंतराव म्हणाले, "बायको गेली." मग आपण हे काय बोललो या धक्क्याने ते एक थांबा आधीच उतरले.

ग्रामपंचायतीत जितेश नावाचा कारकून होता. त्याने ऐकून घेतले. "मृत्यूची नोंद माणसाची होते, काका. झाडाची नाय होत. पन एक करतो. जागेवर झाड नाय, असं पत्र देतो. पाहनी करावी लागेल. हल्ली फोटो लागतो, जागेच्या खुनेसकट."

दोघे किनाऱ्याकडे निघाले. नवा रस्ता संपतो तिथे बोंबील वाळवायच्या काठ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, जिथे लग्न लागले होते त्याच जागी, माणसाच्या खांद्याएवढी रुई उभी होती. पाने टवटवीत, फुलांचे घोस लागलेले. बुंध्यापाशी ओली माती आणि विटांचे आळे. खोडाला हळदकुंकू. एका फांदीत हिरव्या काचेच्या बांगड्या अडकवलेल्या. वरून तोडली तरी रुई मुळापासून पुन्हा फुटते, हे भगवंतरावांनी कुठल्याशा पुस्तकात वाचले होते. पुस्तकातले आपल्या घरात घडते, हे त्यांना कधी खरे वाटले नव्हते.

"आयला," जितेश म्हणाला. "काका, हयात हाय की."

भगवंतरावांना, खोटे कशाला सांगा, आधी बरे वाटले. मग दाखला आठवला.

"जरा बाजूला उभे ऱ्हावा," जितेशने मोबाइल धरला. "फोटोत उंची कळायला पायजे. थोडं जवळ. हां."

लग्नात फोटो काढले नव्हते. त्या दोघांचा हा पहिलाच. त्या फोटोखाली पत्र लिहिले गेले: 'सदर झाड जागेवर अस्तित्वात असून सुस्थितीत आहे.' जितेशही सरळ मुलगा होता.

त्या संध्याकाळी भगवंतराव फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. "रामा," ते शेवटी म्हणाले, "विचार, झाडाला पाणी कोण घालतं?"

मंजुळा दाराआडून म्हणाली, "सांगा, मी."

"का म्हणावं?"

"मोठी जाव हाय ती माझी. तिच्यामुलं माझं लगीन झालं. हे होते तवा संक्रांतीला पैलं कुंकू तिला, मंग मला. आनि ह्यांच्यामागं घरात बाईमानूस कोन होतं बोलायला? दोघं पुरुष. एक भिंतीवर, एक पुस्तकात."

भगवंतराव फोटोपासून बाजूला झाले. त्यांनी शब्दकोश काढला, पत्राची घडी बघितली आणि पुन्हा ठेवून दिला. आता तर सगळे स्पष्ट झाले होते. आपण विवाहित आहोत. पत्नी हयात आहे, सुस्थितीत आहे, आणि तिची काळजी आपल्यापेक्षा दुसरेच कुणी चांगली घेत आहे. यात जयवंतीबाईंना काय कळवणार?

पण हरेश्वरला गप्प बसवेना. आपल्या सहीमुळे एका माणसाचे लग्न अडले, हे त्याच्या जिवाला लागले होते. दुसऱ्याच दिवशी तो गुडघे धरत आला.

"भगवंता, जुनी रीत हाय आपली. पटत नसंल तर चार मानसांत काडी मोडायची, दोघं मोकळी. पंच म्हनून मीच लिवून देतो, काडीमोड झाली. मंग घटस्फोटाचा खाना दाबतील ना त्या मॅडम? मुलीच्या बापाची संमती लागंल तेवढी. मी मंगळ्याला बोलावतो."

मंगळ्या धुतलेला सदरा घालून आला. मुलीच्या बापासारखा ओट्यावर मधोमध बसला. भगवंतरावांना आपोआप खालच्या पायरीवर बसावेसे वाटले. दर्पणही आला होता. त्याने या कामासाठी रजा टाकली होती, कारण काय ते मात्र कारखान्यात सांगितले नव्हते. मंजुळा दारात उभी होती.

"आता बोला," मंगळ्या म्हणाला. "माझ्या पोरीचा काय गुना?"

"काही नाही," भगवंतराव म्हणाले.

"उलट बोलली?"

"नाही."

"घर सोडून गेली?"

"नाही. उलट, तोडल्यावरही परत आली."

"तू कदी तिच्याकडं गेलास? पानी दिलंस? दिवालीला उटनं?"

भगवंतरावांनी मान हलवली. दर्पणला हसू येत होते. हरेश्वरने त्याला कोपर मारले. मंगळ्या मात्र थट्टा करत नव्हता.

"बरं," तो मोठा श्वास घेऊन म्हणाला. "तू मास्तर मानूस. तुझं जमलं नाय. होतं असं. सोडवून घेतो मी पोरीला. तिकडची बाई चांगली हाय ना?"

"फार चांगली आहे."

"मंग ती काय बोलली, तू हो म्हनलास तवा? खूश झाली?"

भगवंतराव पायरीवरची वाळू झाडू लागले.

"काका?" दर्पण पुढे सरकला. "तिला हो कळवलंयस ना?"

"दाखला मिळाला की कळवणार होतो," भगवंतराव म्हणाले. "आधी दाखला, मग..."

"तिचं पत्र कदी आलं?"

"थंडीत."

बाहेर काठ्यांवर बोंबील वाऱ्याने खुळखुळत होते.

"म्हंजे पालघर झालं, तलाठी झाली, पंचनामा झाला," हरेश्वर एकेक शब्द मोजत म्हणाला, "वाजतगाजत वरात निघाली, आनि नवरीला पत्ताच नाय?"

मंगळ्या उठून उभा राहिला. "मी नाय देनार काडी. ह्या पोरीला घराबाहेर काढनार, आनि तिला हो पन नाय म्हननार? एकीला सोडून दुसरी टांगलेली? मी बाप हाय. आदी तिला उत्तर दे. तिचं काय असंल ते कळू दे. मंग माझ्याकडं ये."

"आणि उत्तर दिल्यावर तुम्ही नाही म्हणालात तर?" भगवंतरावांच्या तोंडून निघून गेले.

"तर नाय म्हनन," मंगळ्या म्हणाला. "तुझ्यासारकं गप तर नाय बसनार."

तो पायऱ्या उतरला. खाली पोचल्यावर वळला, आणि रागातला माणूस मधेच आठवण झाल्यासारखा वेगळ्या आवाजात म्हणाला, "आनि सोडवली, तर ती ऱ्हाईल कुठं?"

"माझ्याजवल," दारातून मंजुळा म्हणाली. "काडी मोडा. झाडाला हात लावायचा नाय."

त्या रात्री भगवंतरावांनी पुन्हा कोरा कागद घेतला. त्यांना वाटत होते की आता काहीतरी सुचेल, पण तसे काही झाले नाही. पूर्वी अडखळवणाऱ्या सगळ्या शंका होत्या तिथेच होत्या, शिवाय एक सासरा वाढला होता. जयवंतीबाईंनी इतक्या दिवसांत उत्तर मिळणार नाही असे धरले असेल. कदाचित त्यांना बरेही वाटले असेल. तरीही भगवंतरावांनी लिहिले:

'सप्रेम नमस्कार. हो. उशिराबद्दल क्षमा असावी. दाखला मागाहून पाठवतो. तूर्त कागदोपत्री मी विवाहित आहे. सविस्तर भेटीअंती. आपला, भगवंत दवणे.'

वाचून पाहिले. 'सप्रेम'वर पेन एकदा थांबले. मग त्यांनी पेनाला टोपण लावले.

सकाळी ते टमटममध्ये पुढे बसले. मागे मासळीच्या टोपल्या होत्या, आणि टोपल्यांच्या मधे बाजाराला निघालेली मंजुळा. बोईसरच्या पोस्टात खिडकीवरच्या माणसाने पाकीट तोलले, तिकिटे दिली, आणि डिंकाची बाटली पुढे सरकवत म्हणाला, "लावा आणि बाहेर पेटीत टाका."

तिकिटे लावून भगवंतराव लाल पेटीसमोर आले. पाकीट फटीत घातले. अर्धे आत गेले. बाहेरचे अर्धे त्यांनी बोटांनी धरून ठेवले. आत एवढे तर गेलेच आहे, असे त्यांना वाटले. आणि अजून ओढून घेता येईल, असेही वाटले. मागे कुणीतरी खोकले. एका बाईने बाजूने हात घालून आपले पत्र टाकले आणि ती निघून गेली. ऊन वर येऊ लागले. पाकिटाचा कोपरा घामाने मऊ पडत चालला. विवाहित हा शब्द बाईंना कसा लागेल? निदान तेवढे एक वाक्य बदलून...

"सोडा आता, भावजी."

आवाज त्यांच्या अगदी पाठीमागून आला होता. मधे रामा नव्हता, दर्पण नव्हता, भिंत नव्हती. एवढ्या वर्षांत हा आवाज त्यांच्याशी कधी थेट बोलला नव्हता. भगवंतराव दचकून मागे वळले. डोक्यावर टोपली घेऊन मंजुळा उभी होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती.

दचकताना बोटे सुटली होती. पेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा हलका आवाज दोघांनीही ऐकला.